शिलाईची पुरणपोळी होऊ नये म्हणून: कन्नड अर्ज लिहिताना मोबाइलमधला शब्दकोश कसा वापरावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकून मला दोन-तीन महिने झाले असतील. एक शिंपी कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आला. 'माझा शिलाईचा व्यवसाय आहे' एवढं एक वाक्य कन्नडमध्ये हवं होतं. 'शिलाई' मोबाइलवर शोधली आणि आलेला शब्द घाईत टाइप केला. 'व्यवसाय' तर आपलाच शब्द, तो शोधायचा कशाला? अर्ज परत आला. होलिगे म्हणजे शिलाई. मी टाइप केलं होतं होऽळिगे, म्हणजे पुरणपोळी. आणि कन्नडमध्ये व्यवसाय म्हणजे शेती. त्या बिचाऱ्यानं पुरणपोळीच्या शेतीसाठी कर्ज मागितलं होतं आणि काउंटरवरचा माणूस विचारत होता, उतारा कुठाय?

तेव्हापासून दुकानात जे कन्नड अर्ज दुरुस्तीला येतात, त्यांत याच जातीच्या चुका बघतोय. कोश वाईट असतो असं नाही. लोक तो चुकीच्या वेळी उघडतात आणि चुकीचा शब्द शोधतात. अवघड शब्द सगळे शोधतात. ओळखीचा दिसणारा शब्द कुणी शोधत नाही, आणि घात तोच करतो.

घटनेच्या ३५०व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं मराठीतही देता येतं. पण कन्नडमध्ये द्यायचं ठरवलंच असेल, तर काय करायचं एवढंच इथं सांगतो.

लेखात कन्नड शब्द देवनागरीत लिहिलेत. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर आखूड आणि लांब असे वेगवेगळे असतात. लांब असेल तिथं मी ऽ ही खूण केली आहे. संस्कृतातून आलेल्या शब्दांच्या पोटातले ए-ओ लांबच असतात, तिथं खूण नाही.

आधीची तयारी

कीबोर्डपासून सुरुवात करा. फोनच्या सेटिंगमध्ये कन्नड कीबोर्ड घाला, आणि जमलं तर कन्नड अक्षरांच्या बटणांचा घाला. इंग्रजी अक्षरांत टाइप करून कन्नड उमटवणारा कीबोर्ड सोपा वाटतो, पण ल-ळ, न-ण आणि आखूड-लांब यांची वाट तिथंच लागते. खाली तीन-चार पर्याय येतात आणि आपलं बोट पहिल्यावर पडतं. हळ्ळि म्हणजे गाव, हल्लि म्हणजे पाल. 'आमच्या पालीला पिण्याचं पाणी नाही' असा अर्ज मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय.

मग कोश. एकाच कोशावर भागत नाही, कारण मराठीतून थेट कन्नडमध्ये नेणारा, आजच्या वापराचा भरवशाचा कोश फोनवर सहज सापडत नाही. दोन टप्प्यांत जावं लागतं: मराठीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून कन्नड. मराठी शब्दाचा नेमका अर्थ बघायला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कन्नड शब्द पडताळायला 'अलर' हा कन्नड-इंग्रजी कोश ठेवा. वि. कृष्ण यांनी केलेला हा कोश फुकट आहे आणि त्यात दीड लाखावर नोंदी आहेत. मैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं 'भारतवाणी' हे २०१६पासूनचं संकेतस्थळ आहे. तिथं पुष्कळ भाषांचे आणि विषयांचे कोश एका जागी मिळतात.

सावध राहा: मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, किटेलचा कन्नड कोश १८९४चा. शेती, नाती, घरगुती वस्तू यांसाठी दोन्ही सोन्यासारखे. पण पंचायतीच्या अर्जाचे शब्द त्यांत शोधू नका. आणि भाषांतराचं ॲप म्हणजे शब्दकोश नव्हे. ते एकच उत्तर देतं, आणि आपल्या वाक्यात ते बसतं का हे सांगत नाही.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा, तिथला एखादा छापील फॉर्म किंवा सूचना-फलक. त्याचा फोटो काढून ठेवा. त्या कार्यालयापुरता तो कुठल्याही कोशापेक्षा कामाचा, असं माझं मत आहे. मात्र फोटोतून अक्षरं ओळखणाऱ्या सोयीवर आंधळा विश्वास नको. कन्नडमधले प आणि ष, व आणि म, र आणि ठ दिसायला जवळचे असतात, आणि लांब ए-ओची शेवटची शेपूट पुसट असली की शब्दच बदलतो.

नुडी किंवा बरहा या कन्नड टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली फाइल हाताशी असेल, तर त्यातला शब्द कॉपी करून कोशात टाकण्याआधी बघा. फाइल युनिकोडमध्ये नसेल तर भलतीच अक्षरं उमटतात आणि 'शब्द सापडला नाही' असं उत्तर येतं. अशा वेळी शब्द हातानं टाइप करा.

जिथं रेंज नसते अशा जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी इंटरनेटशिवाय चालणारा एखादा कोश आधीच उतरवून ठेवावा.

तपासा: कीबोर्डवर आधी हळ्ळि आणि मग हल्लि टाइप करून दोन्ही कोशात शोधा. एकदा गाव आणि एकदा पाल आली, तर तयारी झाली.

१. आधी सगळं मराठीत लिहा, कोश बंद ठेवून

पहिली ओळ लिहिता लिहिताच लोक कोश उघडतात. मग प्रत्येक शब्दावर थांबायचं, शब्दाखाली शब्द ठेवायचा, आणि शेवटी वाक्याचा कर्ता कोण तेच हरवतं. तसं करू नका. पूर्ण मजकूर मराठीत लिहा. वाक्यं आखूड करा, एका वाक्यात एकच काम. एक नमुना शेवटपर्यंत सोबत नेऊ:

'आमच्या गल्लीतला पथदिवा पंधरा दिवसांपासून बंद आहे. तो दुरुस्त करून द्यावा ही विनंती.'

मूळ मजकूर आला होता तो असा: 'आमच्या गल्लीतल्या लोकांना रात्रीच्या वेळी जीव मुठीत धरून जावं लागत असून आपण जातीनं लक्ष घालावं.' जीव मुठीत धरणं, जातीनं लक्ष घालणं हे कोशातून पलीकडं जात नाही. 'जातीनं' शोधलंत तर जातीचा दाखलाच हातात येईल. असले वाक्प्रचार मराठीतच सोडवा: 'रात्री अंधार असतो, पडायची भीती वाटते.' एवढं केलं की निम्मं काम झालं.

एक बरं आहे. मराठी आणि कन्नड दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं वाक्याचा सांगाडा फारसा मोडावा लागत नाही.

२. शब्दांची वाटणी करा

लिहिलेल्या मजकुरावर पेन्सिल घेऊन तीन प्रकारच्या खुणा करा.

नावांना चौकट करा. गावाचं, माणसाचं नाव कोशात शोधायचं नसतं आणि कानावरूनही लिहायचं नसतं. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावि आहे, विजापूरचं विजयपुर झालंय. निपाणी कन्नडमध्ये निप्पाणि, चिकोडी चिक्कोऽडि, खानापूर खानापुर. माणसाचं नाव आधारकार्डावर कन्नडमध्ये जसं छापलंय तसंच, अक्षर न बदलता.

कार्यालयाच्या शब्दांना गोल करा. हे कोशातून नव्हे, काढून ठेवलेल्या फोटोतून घ्यायचे. तलाठी हा शब्द आपल्याकडं कानडी माणूसही बोलताना वापरतो. कागदावर मात्र ग्राम लेक्किग होतं, आता ग्राम आडळित अधिकारि लिहितात. कोश तुम्हाला 'लेक्किग म्हणजे हिशेबनीस' एवढंच सांगेल.

उरलेल्या सगळ्या शब्दांखाली रेघ ओढा. हे कोशाचं गिऱ्हाईक. त्यात 'आपलेच' वाटणारे शब्दही आले.

३. मूळ रूप काढा

सगळ्यात जास्त लोक इथं हात टेकतात. 'शब्द कोशात नाहीच' म्हणतात, आणि शब्द असतो.

मराठीत कोश बघताना आपण 'केलं'साठी करणे बघतो. कन्नड कोशात क्रियापद मुळाच्या रूपात असतं: माडु (कर), होऽगु (जा), बरु (ये). पण वाक्यात ते ओळखू न येण्याइतकं बदलतं. बंदे (मी आलो) शोधायचा बरु खाली. होऽदे होऽगुखाली, कोट्टे कोडुखाली, बिद्द बीळुखाली, निंत निल्लुखाली, सत्त सायुखाली, केट्ट केडुखाली. अशी पंधरा-वीस रूपं घोकावीच लागतात. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

नामाचा शेवट सोलायचा. मनेयन्नु यातलं मने, ऊरिगे यातलं ऊरु, होलक्के यातलं होल. मध्ये आलेला य, व, द किंवा इन हा सांधा असतो, शब्दाचा भाग नव्हे. मरद (झाडाचा) म्हणजे मर अधिक द. मक्कळु (मुलं) मात्र मगुखाली.

जोडशब्दात दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं: क चा ग, त चा द, प चा ब. मळे म्हणजे पाऊस, काल म्हणजे काळ. दोन्ही मिळून मळेगाल, पावसाळा. आता 'गाल' शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. शाळेत ऐकलेलं होसगन्नड आठवा, होस (नवं) अधिक कन्नड.

दोन शब्दांचं सोंग कसं एकसारखं असतं ते बघायचं असेल तर सालिन आणि सालद घ्या. शाळेच्या अर्जात '२०२५-२६ने सालिन' असतं. ते सालु या शब्दाचं रूप, अर्थ वर्षाचं. सालद हे साल या शब्दाचं रूप, अर्थ कर्जाचं. मराठी डोळ्याला दोन्हीकडं आपलं 'साल'च दिसतं.

आता उलटा प्रवास. मराठी शब्द कन्नडमध्ये कोणत्या वेशात असेल याचा अंदाज बांधायला दोन खुणा उपयोगी पडतात. शेवटच्या आ चा बहुधा आखूड ए होतो: भाषा-भाषे, परीक्षा-परीक्षे, जिल्हा-जिल्ले. आणि संस्कृतातून आलेल्या शब्दात मराठीनं ल चा ळ केला असेल, तर कन्नडमध्ये पुष्कळदा ल तसाच राहतो: फळ-फल, काळ-काल, शाळा-शाले.

शाळेवरून आठवलं. कानावर विसंबू नका. आपल्या भागातलं बोलीतलं कन्नड घराला मनि म्हणतं, शाळेला सालि, 'आहे'ला ऐति, नको म्हणताना ब्याड. कोशात आणि अर्जात ते मने, शाले, इदे, बेऽड असतं. शेजारच्या कानडी काकूंनी सांगितलेला शब्द खराच असतो, पण तो जसाच्या तसा टाइप केला तर कोशात सापडत नाही, आणि सापडला तरी अर्जात शोभत नाही. काकूंना लगेच पुढचा प्रश्न विचारा: पुस्तकात कसं लिहितात?

तपासा: सापडलेलं रूप त्याच कोशात ठळक अक्षरांत स्वतंत्र नोंद म्हणून आहे का? नसेल, तर अजून एक थर सोलायचा राहिलाय.

४. पहिलं उत्तर उचलू नका

'लावणे' हा एकच शब्द घ्या. झाड लावणे म्हणजे गिड नेडु. दिवा लावणे म्हणजे दीप हच्चु. कुलूप लावणे म्हणजे बीग हाकु. मराठीचं एक क्रियापद, कन्नडची तीन. कोश ही तिन्ही कदाचित एका ओळीत देईल, पण कोणतं कुठं बसवायचं ते तुमच्याकडंच. म्हणून नुसता 'लावणे' शोधू नका, ज्या वस्तूला लावायचंय तिच्यासकट शोधा.

याच्या उलटही होतं. केऽळु म्हणजे ऐकणे आणि केऽळु म्हणजेच विचारणे. ओऽदु म्हणजे वाचणे, आणि 'तो काय शिकतो' यातलं शिकणंसुद्धा.

मधे इंग्रजी असली की आणखी एक खड्डा. मराठी शब्दाचं इंग्रजी केलं आणि इंग्रजीवरून कन्नड शोधलं, की डेट या शब्दावर दिनांकही येतो आणि खजूरही. फील्ड म्हटलं की क्षेत्र येतं, आणि तुम्हाला हवं असतं शेत. त्या शेतालाही एकच शब्द नाही: कोरडवाहू असेल तर होल, खानापूरकडचं भाताचं असेल तर गद्दे, बागायत असेल तर तोऽट. नुकसानभरपाईच्या अर्जात हा फरक मोलाचा ठरतो.

नमुन्यातलं 'बंद' आता बघू. दुकान बंद, रस्ता बंद, दिवा बंद. दिव्यापुढं कन्नड 'बंद्' ठेवलं तर वाचणाऱ्याला संपाची नाहीतर कुलपाची आठवण येते. दिवा पेटत नाही म्हणायचंय. पेटणे, जळणे यासाठी उरि. मग 'उरियुत्तिल्ल', म्हणजे जळत नाहीये. मराठी माणसाला त्यात 'उरणे' ऐकू येतं आणि हात अडखळतो. अडखळू द्या, पण पुसू नका.

५. उलट तपासणी, आणि मुद्दाम ओळखीच्या शब्दांची

ही पायरी गाळली तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली असं समजा. कन्नड शब्द निवडला की तोच शब्द कन्नड-इंग्रजी कोशात टाकून मागं या. परत येताना तुमचाच अर्थ मिळाला पाहिजे. एकसारखा दिसणारा शब्द असेल तर दोनदा.

आमच्या दुकानात सर्वांत जास्त फसवणारे शब्द सांगतो.

व्यवसाय वर आलाच: शेती. मग धंदा-पेशाला काय? वृत्ति. मराठीत वृत्ती म्हणजे स्वभाव, म्हणून लोक त्या रकान्यासमोर विचारात पडतात. दुसरा रकाना उद्योग. कन्नडमध्ये त्याचा अर्थ नोकरी-काम. आपण वाचतो कारखानदारी, आणि समोर लिहितो इल्ल, म्हणजे नाही. नोकरी करणारा माणूस कागदावर बेकार होतो.

उत्पन्न. मराठीत कमाई, कन्नडमध्ये तयार झालेला माल. कमाईला आदाय. उत्पन्नाचा दाखला हवा असेल तर आदाय प्रमाण पत्र. आणि दाखले हा शब्द कन्नडमध्ये आहे, पण त्याचा अर्थ नोंद किंवा दस्तऐवज.

तकरारु. कन्नडमध्ये हा वाद किंवा हरकत. नळाला पाणी येत नाही ही तक्रार असेल तर दूरु. मराठी माणूस 'दूरु' वाचून लांबचं काहीतरी समजतो, आणि 'तकरारु' लिहून उगाच भांडण ओढवून घेतो. जमिनीच्या कामात तर तकरारु लिहिण्याआधी चारदा विचार करा.

पहणि. कर्नाटकातला जमिनीचा उतारा, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा. 'जागेची पाहणी करावी' असं म्हणायचं असेल तर स्थळ परिशीलने. नाहीतर तुमची मागणी उताऱ्याची होते.

अनुमान. मराठीत अंदाज किंवा तर्क, कन्नडमध्ये संशय. 'पाइप फुटला असावा असं अनुमान आहे' हे निरुपद्रवी वाक्य तिकडं कुणावर तरी बोट दाखवल्यासारखं वाचलं जातं.

अवसर आणि अवकाश यांची तर अदलाबदलच आहे. मराठीत अवसर म्हणजे संधी, कन्नडमध्ये घाई. कन्नडमध्ये संधीला अवकाश, आणि आपल्याकडं अवकाश म्हणजे मोकळा वेळ, मोकळी जागा. 'मला एक अवसर द्यावा' असं मुलाखतीच्या अर्जात लिहिणारे दरवर्षी दोन-तीन तरी येतात.

मर्यादे म्हणजे मान, आब. वयोमर्यादेला वयोमिति. कष्ट म्हणजे अडचण. अनाहुत म्हणजे आपत्ती. बोलावल्याशिवाय आलेला पाहुणा नव्हे, पण आमच्या घरी दोन्ही एकच मानतात. आणि गडि म्हणजे सीमा. गडि जिल्ले म्हणजे सीमेवरचा जिल्हा. त्यात गडीमाणसं शोधू नका.

सगळेच शब्द दगा देतात असंही नाही. अर्जि, रजे, खासगि, मंजूरु, राजीनामे, शिक्षण हे बिनघोर वापरा. कादंबरीसुद्धा दोन्हीकडं कादंबरीच. पण ही यादी पाठ आहे म्हणून नव्या शब्दाला सूट देऊ नका.

सावध राहा: उलट तपासणी वेगळ्या कोशात करा. ज्या ॲपनं शब्द दिला त्यालाच परत विचारलं तर ते आपलीच चूक खरी करून दाखवू शकतं.

६. जोडीचा शब्द शोधा

सुटा शब्द बरोबर आला तरी त्याच्या शेजारी कोण बसतं ते कळायला हवं. मराठीत अर्ज करतात, कन्नडमध्ये अर्जि सल्लिसु, म्हणजे अर्ज सादर करतात. अर्जि माडु म्हटलं तर समजेल, पण बोलीतलं वाटेल. कर्ज आपण काढतो. कन्नड कागदावर साल पडे, म्हणजे कर्ज मिळवणे. देण्यासाठी घरात कोडु, कार्यालयात नीडु.

यासाठी कोशातली उदाहरणवाक्यं वाचा. ती नसतील तर दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा आणि कन्नड वर्तमानपत्रांत किंवा सरकारी पानांवर तशी जोडी दिसते का ते बघा. पाच-सहा ठिकाणी दिसली तर घ्या. फक्त भाषांतरित जाहिरातींत दिसली तर सोडा.

७. आता प्रत्यय चढवा

इथपर्यंत सगळे शब्द मूळ रूपात हवेत. आधीच प्रत्यय लावत गेलात तर शब्द बदलल्यावर सगळं उसवावं लागतं.

'ला' या एका प्रत्ययासाठी कन्नडमध्ये शब्दाचा शेवट बघावा लागतो. अकारान्त निर्जीव शब्दाला क्के: होलक्के. ए-इ शेवटी असेल तर गे: मनेगे. उ असेल तर इगे: ऊरिगे. कोश हे सांगत नाही, म्हणून ही तीन उदाहरणं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

लिंगाचा घोळ कमी होतो, जास्त नाही. मराठीत बस येते, ट्रक येतो, वाहन येतं. कन्नडमध्ये तिघांनाही नपुंसकलिंगच, क्रियापद एकच: बंतु. म्हैससुद्धा अदु (ते). तिला अवळु (ती) म्हटलंत तर गोठ्यात बाई उभी राहते. मान मात्र क्रियापदातून द्यावा लागतो: साहेब बंदरु. अधिकाऱ्याला उद्देशून तावु (आपण), तम्म (आपला). नीनु (तू) तर चुकूनही नको, आणि कोशात नेमकं तेच पहिलं दिसतं.

आपला नमुना आता असा उभा राहतो:

'नम्म ओऽणियल्लि बीदि दीप हदिनैदु दिनगळिंद उरियुत्तिल्ल. अदन्नु दुरस्ति माडिसिकोडबेऽकेंदु विनंति.'

ओऽणि म्हणजे गल्ली, बीदि दीप म्हणजे पथदिवा, दिनगळिंद म्हणजे दिवसांपासून. दुरस्ति आणि विनंति तपासून घेतलेले आहेत. दोन्ही आपल्याच अर्थानं चालतात. माडिसिकोडु यातलं 'इसि' हे करवून घेण्याचं. ते गाळलंत तर साहेबांनी स्वतः शिडीवर चढावं असा अर्थ निघतो.

८. छापण्याआधी

अर्जाची मांडणी आपल्यासारखी नाही. वर आधी 'इंद', म्हणजे कोणाकडून. मग 'गे', म्हणजे कोणाला. नंतर मान्यरे, मग विषय, मग मजकूर, खाली तम्म विश्वासि. आपल्या सवयीनं 'प्रति' कोशात शोधत बसू नका. कन्नडमध्ये प्रति म्हणजे नक्कल, झेरॉक्सची असते ती.

मजकूर मोठ्यानं वाचून घ्या, आणि तो कानडी बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. मराठी मजकूर लपवा. वाचल्यावर त्यांना एकच विचारा: मी काय मागितलंय? 'बरोबर आहे का' असं विचारलंत तर भिडेखातर हो म्हणतील. आमच्या दुकानात समोरचा चहावाला हे काम करतो. त्यानं 'दिवा लावून पाहिजे' म्हटलं की मी प्रिंट काढतो.

शेवटी डोळ्यांनी तीनच गोष्टी बघा: ल-ळ, न-ण, आणि ए-ओची शेपूट. बेळे म्हणजे पीक आणि बेऽळे म्हणजे डाळ. पीकविम्याच्या अर्जात डाळ शिजवू नका.

बदललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहा: मराठी शब्द, कन्नड मूळ रूप, जोडीचा शब्द, आणि कोणत्या अर्जात लागला. माझ्या वहीत पहिल्या पानावर होलिगे आहे.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. 'पोच' हा शब्द शोधायची गरज नाही, खिडकीत स्वीकृति मागा.